पुढच्या चाकांचं कुलूप

आंदर मावळात पाऊस लागला की माझ्या दुधाच्या फेरीचं सगळं गणित एका दगडापाशी येऊन थांबतं. सकाळी रिकामे कॅन घेऊन कुसूर पठाराकडच्या धनगरवस्तीवर जायचं, दूध भरून टाकव्याला परतायचं. परतताना एक ओढा लागतो. ओढ्यातून पलीकडच्या काठावर चढताना तोंडाशीच दीड वीत उंचीचा काळा कातळ आडवा आहे. जूनपासून त्याच्यावर शेवाळ असतं. माझ्या जिप्सीच्या मागच्या हौद्यात तेव्हा ४० लिटरचे सहा कॅन असतात, म्हणजे नुसतं दूधच अडीचशे किलोच्या आसपास. वजन सगळं मागे. गाडीचं नाक चढाला लागलं की ते आणखी हलकं होतं.

गाडीच्या मागच्या एक्सलला लॉक आधीपासून होतं. तरी व्हायचं असं, की पुढचं उजवं चाक कातळाला टेकायचं, डावं ओढ्याकाठच्या गाळात असायचं. फोर बाय फोर लावून ॲक्सिलरेटर दिला की डावं चाक गरागरा फिरून चिखल उडवायचं आणि उजवं, ज्याला पकड होती, ते मख्खपणे उभं राहायचं. मागची दोन्ही चाकं जीव खाऊन ढकलायची, पण ढकलून पायरी चढता येत नाही. पुढच्या चाकाने स्वतः वर पाऊल टाकावं लागतं.

ते उभं का राहतं, हे समजून घ्यायचं तर बैलगाडीपासून सुरुवात करावी. बैलगाडीची चाकं आखावर मोकळी असतात. गाडी वळली की बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, कुणी कुणाला अडवत नाही. मोटारीत चाकांना इंजिनाने फिरवायचं असतं, म्हणून दोन्ही चाकं एकाच आखाला घट्ट बसवली तर वळणावर भांडण होणार. माझ्या जिप्सीच्या दोन चाकांमधलं अंतर सव्वा मीटरपेक्षा थोडं जास्त आहे. पूर्ण गोल फेरी मारली तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साधारण ८ मीटर जास्त चालतं. गोल लहान असो वा मोठा, फरक तेवढाच. हे भांडण मिटवणारी दात्यांची रचना म्हणजे डिफरन्शियल. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर या घड्याळजीने १८२७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आजही बहुतेक गाड्यांच्या पोटात मूळ कल्पना तीच आहे.

तिचा एक स्वभाव आहे: दोन्ही चाकांना ती सारखाच जोर देते. ऐकायला न्यायाचं वाटतं. पण एक चाक गाळात असेल तर त्याला फिरवायला जोर लागतोच कितीसा? तेवढाच क्षुल्लक जोर दुसऱ्याच्याही वाट्याला येतो. दुबळ्याच्या मापाने दोघांची मजुरी ठरते. लॉक लावणं म्हणजे ही वाटणी बंद करून दोन्ही चाकं एकमेकांना बांधून टाकणं. मग ज्याच्या पायाखाली घट्ट जमीन आहे, तो सगळा भार उचलतो.

शेतकऱ्याच्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. आमच्या आबांच्या ट्रॅक्टरला उजव्या टाचेजवळ डिफ लॉकचा पेडल होता. भातखाचरात चिखलणी करताना एक चाक रुतलं की आबा टाच दाबायचे, ट्रॅक्टर अंग झाडून बाहेर यायचा. मी पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसले तेव्हा त्यांनी एकच गोष्ट तीन वेळा सांगितली होती, "बांध आला की टाच उचल. लॉक लावून वळायचं नाही." हे वाक्य मी पुढच्या लॉकच्या वेळी विसरले, आणि त्याची किंमत मोजली.

पहिलं पुढचं लॉक मी बसवलं ते लंचबॉक्स जातीचं. नाव शोभतं, खरंच दुपारच्या डब्यात मावेल एवढंच असतं ते. डिफरन्शियलच्या पोटातले छोटे स्पायडर गिअर काढायचे आणि त्यांच्या जागी दातेरी कड्यांचा हा जोड बसवायचा. क्राऊन आणि पिनियन या मुख्य दातेरी जोडीला हात लावावा लागत नाही, म्हणून मजुरी कमी. जिप्सी ही मुळात सुझुकीच्या एसजे मालिकेची लांब बहीण. ऑस्ट्रेलियात सिएरा आणि अमेरिकेत सामुराई या नावांनी हे कुटुंब पसरलं, त्यामुळे हे सामान तिकडे पूर्वीपासून बनतं आणि मागवलं की येतं. हवेवर चालणाऱ्या लॉकच्या पैशात असे तीन-चार येतील.

शिवाय मला एक युक्तिवाद फार पटला होता. हे लॉक स्वयंचलित असतं, म्हणजे जोर आला की आपोआप लागतं आणि वळणावर बाहेरचं चाक पुढे पळू लागलं की कटकट आवाज करत त्याला सोडतं. मागे बसवलं तर ती कटकट डांबरी रस्त्यावरही ऐकू येते. पुढे मात्र माझ्या चाकांना हाताने फिरवायचे फ्री-व्हील हब आहेत. हब मोकळे ठेवले की रस्त्यावर पुढचा एक्सल नुसता झोपलेला असतो, लॉक असून नसल्यासारखं. युक्तिवाद खरा आहे, आजही खरा आहे. फक्त तो रस्त्यापुरता आहे. जिथे फोर बाय फोर लागतं, तिथे ते लॉक तुमच्या मर्जीवर नसतं.

कातळ मात्र ती गाडी पहिल्याच दिवशी चढली. उजवं चाक टेकलं, क्षणभर थरथरलं आणि वर आलं. मला इतका आनंद झाला की मी परत खाली उतरून पुन्हा चढवली.

पंधरा दिवसांनी वस्तीवर गाडी वळवत होते. गोठ्यापुढे जागा चिंचोळी, जमीन ओली, म्हणून फोर बाय फोर काढलं नव्हतं. माझ्या जिप्सीला पॉवर स्टिअरिंग नाही. लॉक लागलेलं असलं की स्टिअरिंग सरळ व्हायला ओढतं, मी दोन्ही हातांनी ते पूर्ण उजवीकडे दाबून धरलं आणि जोर दिला. फटाका वाजल्यासारखा आवाज आला. माझ्या गाडीचं काम बघणाऱ्या मिस्त्रीकाकांनी नंतर चाकामागचा गोल नकल खोलला तेव्हा काळ्या ग्रीसमध्ये हात घालून एकेक तुकडा बाहेर काढून वर्तमानपत्रावर मांडला. जिप्सीच्या पुढच्या चाकात बर्फिल्ड जॉइंट असतो. सहा पोलादी गोळ्या, त्यांना धरणारी जाळी, बाहेरून वाटीसारखं कवच. गोळ्या सहाच्या सहा शाबूत होत्या. जाळीचे चार तुकडे आणि कवचाला तोंडापासून बुडापर्यंत चीर. एरवी दोन चाकांत वाटला गेला असता तो जोर त्या एकाच सांध्यावर, तोही पूर्ण वळलेला असताना, आला होता. सांधा जितका वाकलेला तितका तो दुबळा.

त्यावरही मी म्हटलं असतं की चूक माझी, पुढे सांभाळून चालवीन. पण श्रावणात दुसरी गोष्ट घडली, आणि तिच्यात माझी चूक नव्हती. पठाराच्या कडेने एक आडवी वाट जाते, डावीकडे उतार, वर ओलं गवत. मी अगदी हळू, लो गिअरमध्ये, सरळ चालले होते. पुढची दोन्ही चाकं एकदम फिरली आणि गाडीचं नाक गपकन उताराकडे घसरलं. एका करवंदीच्या जाळीत जाऊन थांबलं. खाली दहा-बारा हात मोकळं होतं. मी उतरले तेव्हा माझे पाय लटपटत होते.

हे का होतं ते प्रत्येकाने पुढचं लॉक घेण्याआधी समजून घ्यावं, असं मला कळकळीने वाटतं. मोकळं डिफरन्शियल असताना निसरड्यावर एकच चाक फिरतं. दुसरं फिरत नाही, म्हणून ते जमीन धरून ठेवतं आणि गाडीला आडवं सरकू देत नाही. लॉक असलं की दोन्ही एकदम फिरतात. फिरणाऱ्या टायरला आडवी पकड जवळपास उरत नाही. मागे असं झालं तर शेपूट घसरतं, ते अनेकदा सावरता येतं. पुढे झालं तर ज्या चाकांनी दिशा द्यायची तीच हातातून जातात. चढावर जे लॉक जीव वाचवतं, ते आडव्या उतारावर जिवावर उठतं, आणि आमच्या वाटेवर दोन्ही जागा एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत.

मिस्त्रीकाका तेव्हा म्हणाले, "ताई, पुढचं लॉक वेसणीसारखं असावं. ओढता आली पाहिजे, तशी ढिलीही सोडता आली पाहिजे. तुमचं हे तर गळ्याला बांधलेलं लोढणं झालं." त्यानंतर माझा शोध सोपा झाला. किती घट्ट लागतं हे विचारणं मी सोडून दिलं. पहिला प्रश्न एकच: किती लवकर आणि किती खात्रीने सुटतं?

चालकाच्या हाती असणारी लॉकं तीन तऱ्हांची मिळतात. केबल किंवा दांड्याने ओढायची सर्वांत साधी. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखाला पुढे आणि मागे अशी दोन्ही लॉकं कंपनीतूनच येतात आणि ती दांड्याने लागतात. विजेच्या लॉकला फक्त वायर आणि बटण लागतं, पण काही बनावटींत पुढून मागे दिशा बदलली की लॉक क्षणभर सुटून परत लागतं. चिखलात गाडी पुढेमागे हलवून काढायची सवय असेल तर ते जाणवतं. तिसरं हवेचं. ऑस्ट्रेलियाच्या एआरबी कंपनीने १९८७ मध्ये तिथल्याच एका छोट्या कारखान्याकडून हे काम विकत घेऊन नावारूपाला आणलं. बटण दाबलं की कॉम्प्रेसरची हवा बारीक नळीने डिफरन्शियलमध्ये जाते, एक कडी सरकते आणि लॉक लागतं. हवा सोडली की स्प्रिंग कडीला मागे आणते. नळी तुटली तर लॉक लागत नाही एवढंच, लागलेलं राहत नाही. माझ्या दृष्टीने हाच त्याचा सर्वांत मोठा गुण.

दात्यांच्या घर्षणावर चालणारं, पूर्ण लॉक न होणारं डिफरन्शियलही पुढे बसवतात. स्टिअरिंगला ते फार सौम्य, बर्फाळ प्रदेशात चालवणाऱ्याने त्याचाच विचार आधी करावा. पण चाक पूर्ण हवेत लोंबकळलं की ते हात टेकतं, मग ब्रेकवर हलका पाय ठेवून त्याला फसवावं लागतं. नव्या जिम्नीत आणि थारमध्ये संगणकच फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसरीकडे वळवतो. सहलीला जाणाऱ्यांना ते पुरतं. मात्र चाक आधी फिरल्याशिवाय ते जागं होत नाही, आणि भरल्या कॅनांनी कातळापुढे उभं असताना ते पहिलं फिरणंच मला नको असतं.

मी हवेचं घेतलं. हे काम मात्र डब्याच्या सुट्टीत होणारं नाही. यात डिफरन्शियलचं अख्खं घर बदलतं, क्राऊन उचलून नव्या घरावर चढवावा लागतो, हवेच्या नळीसाठी भोक पाडावं लागतं. मिस्त्रीकाकांनी शेंदूर तेलात कालवला, क्राऊनच्या सात-आठ दात्यांना बोटाने लावला आणि पिनियन हाताने फिरवला. दात्यावर जिथे घासलं तिथला शेंदूर पुसला जाऊन लांबट ठसा उमटला. पहिला ठसा दात्याच्या टोकाकडे होता. पुन्हा खोललं, पातळ शिम बदलली, पुन्हा शेंदूर. चौथ्या खेपेला ठसा दात्याच्या मधोमध आला तेव्हा कुठे त्यांनी हात पुसले. ज्या कारागिराला हा ठसा दाखवायला वेळ नाही, त्याच्याकडे महागडं लॉक देऊ नका. दोन महिन्यांत एक्सल रडायला लागेल.

मला आता पुष्कळ लोक विचारतात, आम्हीही पुढे लॉक बसवू का? मी आधी त्यांचे टायर बघते. मग विचारते, चिखलात हवा कमी करता का? मी वस्तीच्या वाटेला लागताना १८ पीएसआयपर्यंत उतरवते, आणि लॉकचाच कॉम्प्रेसर टाकव्याच्या अलीकडे ती परत भरतो. मागचं लॉक आहे का? चढावर वजन मागे जातं, त्यामुळे पहिला पैसा तिथेच घालावा. हे सगळं करूनही ठरावीक जागी पुढचं एक चाक फिरतच राहत असेल, तर पुढच्या लॉकचं बोला. आणि बसवण्याआधी वॉरंटी आणि विमा यांचं काय होतं ते लेखी विचारून घ्या.

पुतण्याला मी हल्ली गाडी शिकवते. ओढ्यात उतरण्याआधी थांबायचं, चाकं सरळ आहेत का ते खिडकीतून वाकून बघायचं, मग बटण. सीटखाली कॉम्प्रेसर घरघरतो, पुढून बारीक टक ऐकू येतं, डॅशवर नारिंगी दिवा लागतो. कातळ चढायला चार-पाच सेकंद लागतात. वर आल्यावर पहिलं काम बटण बंद करणं. दिवा विझला तरी मी त्याला स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं हलवून बघायला लावते, हलकं लागलं तरच पुढे. परवा तो दिवा न बघता आडव्या वाटेकडे वळायला लागला तेव्हा मी चावीच काढून घेतली, आणि आबांचं वाक्य त्याला तीन वेळा म्हणायला लावलं. येत्या मे महिन्यात नळीचे ओ-रिंग बदलायचे आहेत. ते काम तो मिस्त्रीकाकांच्या शेजारी बसून स्वतःच्या हाताने करणार आहे.