अक्षता पडताना चित्र का फुटतं?

आमच्या धंद्यात सगळ्यात अवघड शॉट कोणता, असं कुणी विचारलं तर मी अक्षतांचं नाव घेतो. कॅमेरा महागाचा असो, उजेड भरपूर असो, हात स्थिर असो; शेवटच्या मंगलाष्टकेचं 'सावधान' झालं आणि चहूबाजूंनी तांदूळ उडाले की फाईलची परीक्षा सुरू होते. घरी पेन ड्राइव्ह टीव्हीला लावून बघणाऱ्याला एवढंच दिसतं, की नवरीच्या शालूचे काठ एकमेकांत मिसळले, चेहऱ्यांवर चौकोन आले आणि काही सेकंदांनी सगळं पुन्हा नीट झालं. मग फोन येतो, "दादा, बरोबर अक्षतालाच पिक्सल फुटलेत बघा."

मी अंबाजोगाईत लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करतो, आणि गावोगावच्या सप्त्यांतली कीर्तनं रेकॉर्ड करतो. व्हिडिओची फाईल म्हणजे काय, ती मोठी-लहान कशानं होते, हे समजून घ्यायचं असेल तर ही दोन कामं शेजारीशेजारी ठेवून बघावीत.

आधी थोडा हिशेब करू. फुल एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे लिहिले तर एका चित्राला सुमारे ६.२ एमबी लागतात. सेकंदाला अशी २५ चित्रं. म्हणजे सेकंदाला १५५ एमबी, मिनिटाला ९ जीबीहून जास्त आणि तासाला जवळजवळ ५६० जीबी. हळद, परण्या, लग्न, वरात असा सगळा सोहळा या हिशेबानं साठवायचा तर शूटिंगवाल्याला कार्डांची पेटी घेऊन हिंडावं लागेल. म्हणून रेकॉर्ड होतानाच कॅमेरा चित्र दाबून लहान करतो. सेकंदाला ५० मेगाबिट एवढं रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यात तोच तास साडेबावीस जीबीत मावतो. मिक्सिंग होऊन ८ मेगाबिटनं तयार झालेली फाईल तासाला ३.६ जीबीची असते. मूळच्या दीडशेव्या भागाहूनही कमी, तरी पाहुण्यांना चित्र सुंदरच दिसतं.

हे होतं कसं? पहिली बचत रंगात होते. माणसाचा डोळा उजेड-अंधारातला फरक फार बारकाईनं टिपतो, रंगातला तेवढा नाही. म्हणून उजेडाचा आकडा प्रत्येक ठिपक्याला वेगळा ठेवतात आणि रंगाचा मात्र चार ठिपक्यांत मिळून एक. एवढ्यानंच निम्मा भार उतरतो आणि ते सहसा कुणाला जाणवत नाही.

दुसरी बचत एका चित्राच्या आत होते. चित्राचे छोटे चौकोन पाडतात, पूर्वीच्या पद्धतीत ८ बाय ८ ठिपक्यांचे. त्या ६४ ठिपक्यांची माहिती वेगळ्या रीतीनं मांडतात: आधी चौकोनाची सरासरी छटा, मग ढोबळ चढउतार, मग बारीक, मग अगदी बारीक. मंडपाच्या पांढऱ्या कापडाच्या चौकोनात पहिल्या दोन-चार आकड्यांतच सगळं येतं, बाकीचे जवळजवळ शून्य. शालूच्या जरीच्या चौकोनात मात्र शेवटचे बारीक आकडेही भरलेले असतात. फाईल लहान करायची वेळ आली की आधी हे बारीक आकडे ढोबळ करतात किंवा टाकून देतात. ही मांडणी ज्या गणितावर उभी आहे ते १९७४ मध्ये प्रसिद्ध झालं. नासीर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव अशी त्या निबंधाच्या तीन लेखकांची नावं. नासीर अहमद यांचा जन्म १९४० चा, बेंगळुरूचा; तिथूनच ते अभियांत्रिकी शिकून अमेरिकेत गेले. मोबाईलमधला जेपेग फोटो, व्हीसीडी, डीव्हीडी, यूट्यूब हे सगळं त्याच कल्पनेवर आणि तिच्या पुढच्या रूपांवर चालतं. आपल्या मातीतल्या माणसांचं हे काम खेड्यातल्या प्रत्येक फोनमध्ये आहे, हे आपल्या शाळांतल्या मुलांना कळायला हवं.

तिसरी बचत सगळ्यात मोठी, आणि तिथंच कीर्तन आणि लग्न वेगळे होतात.

सप्त्यातलं रात्रीचं कीर्तन घ्या. कॅमेरा तिकाटण्यावर पक्का बसवलेला. मागं बॅनर, बाजूला खांब, समोर वीणेकरी. हलतो तो कीर्तनकारांचा हात, पखवाजावरची बोटं आणि टाळकऱ्यांची पावलं. अशा वेळी प्रत्येक चित्र नव्यानं लिहायची गरजच नसते. एक चित्र पूर्ण लिहायचं आणि पुढच्या चित्रांत फक्त फरक नोंदवायचा: बॅनर तसाच, खांब तसाच, हा हाताचा चौकोन एवढा डावीकडं सरकला. ठराविक अंतरानं पुन्हा एक पूर्ण चित्र, पुन्हा फरक. त्यामुळं दोन तासांचं कीर्तन ४ मेगाबिटनं केलं तरी स्वच्छ दिसतं आणि ३.६ जीबीत बसतं.

आता अक्षता. शेकडो दाणे एकाच वेळी हवेत, प्रत्येकाची वाट वेगळी. फिरता फिरता एखादा दिव्यात चमकतो, पुढच्या चित्रात विझतो. त्याच क्षणी सगळ्यांचे हात वर गेलेले असतात आणि फोटोवाल्याचा फ्लॅश उडतो, म्हणजे अख्ख्या चित्राचा उजेड बदलतो. आधीच्या चित्रातला कुठला चौकोन कुठं सरकला हे शोधायला गेलं तर काहीच जुळत नाही. जवळजवळ सगळं नव्यानं लिहावं लागतं, आणि सेकंदाला लिहायची मुभा तेवढीच, ४ किंवा ८ मेगाबिट. मग सॉफ्टवेअर बारीक आकडे टाकत सुटतं. जरीचे बारकावे जातात, केसांच्या रेषा जातात, शेवटी चौकोनांच्या कडाच उघड्या पडतात. यालाच आपण पिक्सल फुटणं म्हणतो. मिरवणुकीतला गुलाल, कपिलधारचा धबधबा, वाऱ्यावर सळसळणारा उसाचा फड, यांचंही असंच होतं.

यावर उपाय आहे. एक्स्पोर्ट करताना बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट लिहायचे तो दर, सगळीकडं सारखाच न ठेवता कमी-जास्त होणारा ठेवायचा, आणि वेळ लागला तरी दोनदा फिरवायचं. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर अख्खी फिल्म तपासून घेतं. दुसऱ्या फेरीत जेवणाच्या पंगतीच्या शांत शॉटमधून वाचलेली जागा अक्षतांना देतं. फाईल तेवढीच राहते आणि नवरा-नवरीचे चेहरे नीट दिसतात.

म्हणूनच "आम्हाला फोर केमध्येच पाहिजे" असं कुणी म्हणालं की मी बिटरेटबद्दल बोलायला लागतो. फोर केमध्ये फुल एचडीच्या चौपट ठिपके असतात. ठिपके चौपट आणि त्यांच्या वाट्याला येणारी माहिती मात्र तेवढीच ठेवली, तर प्रत्येक ठिपक्याला पाव हिस्साच मिळतो. १२ मेगाबिटचं फुल एचडी हे ५ मेगाबिटच्या फोर केपेक्षा अक्षतांच्या वेळी नक्कीच चांगलं दिसेल. फाईलचा आकार काढायचं गणितही सोपं आहे: मेगाबिटला ८ नं भागलं की सेकंदाचे एमबी निघतात, त्याला सेकंदांनी गुणायचं. ८ मेगाबिट म्हणजे सेकंदाला १ एमबी, मिनिटाला ६०. तीन तासांची फिल्म १०.८ जीबी, म्हणजे १६ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्यावा. आवाजाला यातलं फार थोडं लागतं. दोन तासांच्या कीर्तनाचा चांगला आवाज पावणेदोनशे एमबीत मावतो. त्यामुळं आवाजावर बचत कधीच करू नये. चित्र थोडं मऊ झालं तर चालतं, पण अभंगाचा शब्द तुटला तर कीर्तन गेलं.

आता एमपीफोर, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही ही नावं. मोंढ्यात पोतं बघून कुणी सौदा करत नाही. पोतं सारखंच असतं, आत तूर आहे की सोयाबीन हे उघडून बघतात. एमपीफोर हे असंच पोतं आहे. त्यात चित्र, आवाज आणि दोन्हींचा मेळ ठेवणारी नोंद एकत्र बांधलेली असते. चित्र कोणत्या रीतीनं दाबलंय हे वेगळं. २००३ मध्ये आलेली एच.२६४ ही रीत आजही जवळजवळ प्रत्येक टीव्ही आणि फोनला समजते. २०१३ मधली एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, तेवढाच दर्जा साधारण निम्म्या जागेत देते. २०१८ मध्ये आलेली एव्ही१ त्याच्याही पुढं जाते. पण जितकी नवी रीत तितकं उलगडायला अवघड. म्हणून फोनवर छान चालणारी एमपीफोर फाईल घरच्या जुन्या एलईडी टीव्हीवर 'फॉरमॅट नॉट सपोर्टेड' दाखवते. टीव्हीसाठी हवं असेल तर शूटिंगवाल्याला स्पष्ट सांगावं, "एच.२६४ मध्ये द्या." आणि फाईल ४ जीबीच्या वर असताना पेन ड्राइव्हवर जात नसेल तर पेन ड्राइव्ह खराब नाही, फॅट३२ या जुन्या मांडणीत ४ जीबीहून मोठी फाईल बसतच नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा, फक्त टीव्हीला ती मांडणी चालते का ते आधी बघावं.

इथपर्यंत लहान करण्याचे फायदे झाले. माझी खरी कळकळ पुढची आहे.

आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, उसाच्या फडावर जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. म्हातारी माणसं आणि पुष्कळदा लेकरंही गावात राहतात. अर्धं वर्ष त्या घरांचं एकमेकांना दिसणं फोनवरच्या व्हिडिओतून होतं. लेकराचं पहिलं पाऊल, आजीनं म्हटलेली ओवी, सगळं व्हॉट्सॲपवर. रेंज एका काडीची असताना व्हिडिओ लहान होऊन जातो म्हणूनच पोहोचतो, आणि ते चांगलंच आहे. अडचण त्यानंतरची. पाठवलं की फोन भरला म्हणून मूळ व्हिडिओ डिलीट होतो आणि घरात उरते ती लहान झालेली प्रत. ती कुणी स्टेटसला लावते, स्टेटसवरून दुसरा उतरवून घेतो, तिसरा स्क्रीन रेकॉर्ड करतो. दर वेळी चित्र उलगडून पुन्हा दाबलं जातं आणि दर वेळी बारीक आकडे थोडे थोडे जातात. एकदा गेले की कुठलंही सॉफ्टवेअर ते परत आणत नाही. 'क्लिअर करून द्या' म्हणून लोक माझ्याकडं येतात तेव्हा चित्र मोठं करता येतं, थोडं उजळता येतं. आजीच्या कपाळावरचं गोंदण जर फाईलमध्ये उरलंच नसेल तर मी ते कुठून आणू? नवी यंत्रं अंदाजानं चेहरा भरतात, पण तो चेहरा तिचा नसतो.

१७ सप्टेंबर २०२५ ला बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. पिढ्यांनी वाट पाहिलेला दिवस. कितीतरी फोनमध्ये तो टिपला गेला, आणि लोकांच्या हातात फिरते ती फॉरवर्ड झालेली प्रतच. ज्यांच्या फोनमध्ये स्वतः काढलेला व्हिडिओ अजून आहे, त्यांनी तो आजच काढून ठेवावा. जिल्ह्याचा इतिहास आहे तो.

फाईल जशीच्या तशी कॉपी केली तर दर्जा रतीभरही कमी होत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. जुन्या व्हीएचएस कॅसेटची प्रत काढली की चित्र धूसर व्हायचं. डिजिटल फाईलची हजारावी कॉपीही पहिलीसारखीच असते. झीज होते ती पुन्हा दाबल्यानं. म्हणून पाठवायचंच असेल तर व्हॉट्सॲपवर व्हिडिओ 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. २ जीबीपर्यंतची फाईल तशी मूळ रूपात जाते. नेट पुरत नसेल तर खुशाल लहान करून पाठवा, पण मूळ ठेवून.

कपाटात जुन्या सीडी असतील तर त्याही बघा. लग्नाची व्हीसीडी कॉम्प्युटरला लावली की 'एमपीईजीएव्ही' नावाच्या फोल्डरमध्ये डीएटी फाईल सापडते. डीव्हीडीत 'व्हिडिओ टीएस' फोल्डर असतं. ती फाईल किंवा ते फोल्डर तसंच हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, एमपीफोर करायची घाई नको. व्हीसीडीचं चित्र मुळातच ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, त्याला पुन्हा दाबलं तर उरायचं काय? व्हीएचएस कॅसेट असेल तर अजिबात थांबू नका. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. चालू मशीन आणि ते दुरुस्त करणारा माणूस दोन्ही दरवर्षी कमी होत आहेत.

लग्नाचं शूटिंग ठरवताना लोक ड्रोन आहे का, क्रेन आहे का, टीझर किती मिनिटांचा, हे विचारतात. त्यात तीन प्रश्न वाढवा. मिक्सिंगची फाईल किती मेगाबिटची असेल? ती आमच्या टीव्हीवर चालेल अशा रीतीत मिळेल का? आणि कॅमेऱ्यातलं मूळ शूटिंग आमच्या हार्ड डिस्कवर कॉपी करून द्याल का? तिसऱ्यासाठी डिस्क घरून द्यावी लागेल, खर्च होईल. तो करावा. शक्य झालं तर दुसऱ्या डिस्कवर आणखी एक कॉपी करून ती भावाच्या किंवा बहिणीच्या घरी ठेवावी. एकीला काही झालं तर दुसरी हाताशी असते. पेन ड्राइव्ह एका घरातून दुसऱ्या घरात नेण्यासाठी ठीक, पण वर्षानुवर्षं जपायला त्याच्यावर विसंबू नये.

पाठवायची प्रत हवी तेवढी लहान करा. जपायच्या प्रतीला हात लावू नका. उद्या टीव्ही आणखी मोठे होतील, फाईल दाबायच्या रीती आणखी हुशार होतील, आणि तुमच्या नातवंडांना आजी-आजोबांचं लग्न नीट बघावंसं वाटेल. त्यांना ते किती स्पष्ट दिसेल, हे आज फोनमधली जागा रिकामी करताना तुम्ही काय ठेवता यावर अवलंबून आहे.