ऑक्सिजन नाही, तरी फरक पडतोच

मागच्या भागात मी बेधडक म्हणालो होतो, "हवा बंद करून कोळसा तापवला की झालं पायरोलिसिस, आत कुठला वायू आहे याने काही फरक पडत नाही." ते साफ चूक होतं. त्याच समजुतीपायी मी माझ्या मावसबहिणीच्या डेटाची वाट लावणार होतो.

ती केमिकलमध्ये एमटेक करते. कोळसा तापवताना वजन किती घटतं, याच्या दोन फाइल्स तिने मला ग्राफ काढायला दिल्या. एक नायट्रोजनमधली, एक कार्बन डायऑक्साइडमधली. दोन्ही रेषा बराच वेळ जवळपास सारख्या. पण ८०० अंश सेल्सिअसच्या पुढे दुसरी रेषा धाडकन खाली! मला वाटलं, सेन्सर गंडला. मी तेवढा भाग कोडमध्ये उडवून टाकला. ती म्हणाली, "अरे दादा, तोच तर रिझल्ट आहे!"

तर भानगड अशी. कोळसा साधारण ४०० अंशांपुढे तापला की त्याचे मोठे रेणू तुटतात. तुटलेली टोकं स्वस्थ बसत नाहीत, जोडीदार शोधतात. छोटे तुकडे वायू होऊन निघतात, मोठे तुकडे थंड झाल्यावर डांबर होतात. बाकीचे एकमेकांना चिकटून मागे उरतात, तो 'चार'. आकडा नव्हे, कार्बनी अवशेष.

आता आजूबाजूला नायट्रोजन असेल तर तो नुसता प्रेक्षक. हायड्रोजन मात्र, विशेषतः जास्त दाबाखाली, त्या मोकळ्या टोकांना आधीच जाऊन चिकटतो. त्यामुळे डांबर, हलकी तेलं आणि मिथेन वाढतात, चार कमी उरतो. शिवाय गंधकाचा काही भाग हायड्रोजन सल्फाइड होऊन निघून जातो.

कार्बन डायऑक्साइड तापमान चढलं की चारलाच खातो. त्याचा एक रेणू आणि एक कार्बन मिळून कार्बन मोनॉक्साइडचे दोन रेणू. ही बुदुआर अभिक्रिया. वाफही तेच करते, फक्त सोबत हायड्रोजन देते. म्हणजे बहिणीच्या ग्राफमध्ये जे वजन घटलं, ते कोळशातून जास्त वाफा निघाल्या म्हणून नाही. मागे उरलेला चारच संपत होता.

हे महत्त्वाचं का? कारण कारखान्यातल्या कोक भट्टीत कोळशाभोवती शुद्ध नायट्रोजन नसतो. त्याचाच वायू असतो, आणि त्यात निम्म्याहून जास्त हायड्रोजन. प्रयोगशाळेतले नायट्रोजनचे आकडे तिथे जसेच्या तसे लावले, तर हिशोब चुकणारच.

उडवलेला भाग मी परत आणलाय. आता डेटा विचित्र दिसला, की डिलीट दाबायच्या आधी विचारतो: भोवती वायू कुठला होता?