ध्वनिमुद्रणाची फाइल आणि शिखरछेद

बोलीच्या अभ्यासकास ध्वनिमुद्रण हे केवळ ऐकण्याचे साधन नसते. तो त्याचा मूळ दस्तऐवज असतो. ग्रीअर्सन यांनी भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) खानदेशीचे जे नमुने दिले, ते लिपीच्या चौकटीत बसवून दिले. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी घरच्यांनी ऐकून कागदावर उतरविली, म्हणून १९५२ साली ती ग्रंथरूपाने आपणांस मिळाली. या दोन्ही ठिकाणी शब्द राहिले. उच्चार मात्र लेखणीत मावला नाही. आज उच्चारही जतन करता येतो. परंतु तो ज्या फाइलीत जतन करावयाचा, ती लिहिताना झालेली एक साधी चूक तोच उच्चार बिघडवू शकते. या चुकीचे स्वरूप आणि तिचे निवारण यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निमित्त घडले ते भुसावळजवळील दीपनगर येथे. औष्णिक वीजकेंद्राच्या या वसाहतीच्या आसपास लेवा बोली बोलणारी गावे आहेत. तेथील एका वयोवृद्ध बाईंचे बोलणे व जात्यावरील ओव्या प्रस्तुत लेखकाने मुद्रित केल्या. मुद्रण चालू असताना आवाज स्वच्छ होता. पुढे सर्व मुद्रणे एका प्रोग्रामातून काढून नव्या फाइलींत साठविली, तेव्हा ओवीचा स्वर चढताच कर्कश तडतड ऐकू येऊ लागली. प्रथम संशय आला तो विजेच्या घरघरीचा. परंतु विजेची घरघर ५० हर्ट्झ व तिच्या पटींत अखंड चालू राहते. ही तडतड केवळ दीर्घ आणि मोठ्या स्वरांवरच येत होती. तेव्हा दोष परिसरात नसून फाइल लिहिण्याच्या क्रियेत असला पाहिजे, हे उघड झाले.

संगणकात ध्वनी म्हणजे अंकांची माला होय. सेकंदास ४४,१०० वेळा ध्वनिदाबाचे माप घेतले जाते व प्रत्येक माप एका अंकाने दर्शविले जाते. गणन करताना हे अंक बहुधा दशांशरूपात, उणे १ ते अधिक १ या मर्यादेत धरतात. नेहमीच्या १६ बिटांच्या वेव्ह फाइलीत मात्र ते पूर्णांक असतात आणि त्यांची मर्यादा उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ एवढीच असते. गणनाच्या वेळी एखादा अंक १.२५ झाला तरी संगणक तक्रार करीत नाही. अडचण येते ती त्याचे पूर्णांकात रूपांतर करताना. १.२५ ला ३२,७६७ ने गुणले असता सुमारे ४०,९५८ येतात. आणि ही संख्या १६ बिटांत मावत नाही.

न मावणाऱ्या संख्येची गत दोन प्रकारची होते. काही प्रोग्राम तिला मर्यादेवरच थांबवितात, त्यामुळे तरंगाचे शिखर सपाट कापले जाते. हाच शिखरछेद, अर्थात क्लिपिंग. दुसरे काही प्रोग्राम वरचे बिट सोडून देतात. मग ४०,९५८ मधून ६५,५३६ वजा होऊन उणे २४,५७८ उरतात, म्हणजे तरंगाचे शिखर एकाएकी दरीत कोसळते. कानास जाणवणारी तडतड ती हीच. दोन पूर्णांक मालांची बेरीज करतानाही असेच होते: २०,००० आणि १५,००० यांची बेरीज १६ बिटांत ३५,००० न येता उणे ३०,५३६ येते. दोन मार्गिकांचे मुद्रण एकत्र करताना बेरीज निम्मी करावयाची राहिली, की हा प्रसंग ओढवतो.

दीपनगरच्या मुद्रणात कारण निराळे होते. सर्व फाइलींची सरासरी तीव्रता समान करण्याचा उद्योग आम्ही केला होता. सरासरी ही शिखराची कल्पना देत नाही. हळू बोलण्याचा भाग बराच असलेल्या मुद्रणाची सरासरी वर ओढली, की त्यातील ओवीची शिखरे सहजच १ च्या पलीकडे जातात. प्राट या ध्वनिविश्लेषक प्रोग्रामातही तीव्रता अशी ठराविक पातळीस आणता येते. तेथेही हा धोका आहेच. फाइल साठविताना छेद झाल्याची सूचना तो प्रोग्राम देतो. ती न वाचता पुढे जाऊ नये.

निवारणाची रीत सोपी आहे, परंतु तिचा क्रम मोडता कामा नये. प्रथम सर्व गणन दशांशरूपातच पुरे करावे. त्यानंतर मालेची सरासरी शून्यावर आणावी. ती एका बाजूस सरकलेली असेल तर त्या बाजूचे शिखर आधी कापले जाते. मग चिन्ह सोडून सर्वांत मोठा अंक शोधावा. तो १.२५ असेल, तर संपूर्ण मालेस ०.९९ भागिले १.२५, म्हणजे ०.७९२ ने गुणावे. यामुळे आवाज सुमारे २ डेसिबेलने उतरतो, परंतु तरंगाचा आकार जसाच्या तसा राहतो. सरतेशेवटी ३२,७६७ ने गुणून, जवळच्या पूर्णांकास आणून, मगच फाइल लिहावी. येथे ३२,७६८ ने गुणण्याची चूक पुष्कळदा होते. नेमका अधिक १ असलेला अंक तेवढ्यानेच मर्यादेबाहेर जातो. माला केवळ शून्य अंकांची असल्यास भागाकार करू नये, हेही ध्यानात ठेवावे.

भाषाशास्त्रज्ञाने येथे आणखी एक विवेक केला पाहिजे. प्रत्येक फाइल तिच्या स्वतःच्या शिखरानुसार लहानमोठी केली, तर फाइलींमधील तीव्रतेची तुलना निरर्थक होते. आघाताचा किंवा बलाचा अभ्यास करावयाचा असेल, तर सर्व फाइलींतील सर्वोच्च शिखर शोधून एकच गुणक सर्वांस लावावा आणि तो नोंदवून ठेवावा. ३२ बिटांच्या दशांशरूप वेव्ह फाइलीत १ च्या वरचे अंकही सुखरूप राहतात. म्हणून मूळ प्रत तशी ठेवणे श्रेयस्कर.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. छेदामुळे तरंगात मूळ नसलेले वरचे संवादी स्वर निर्माण होतात. मराठीतील भ, ध, घ यांचा किंवा म्ह, न्ह यांचा श्वासयुक्त घोष मोजताना पहिल्या व दुसऱ्या संवादी स्वरांच्या तीव्रतेतील फरक पाहिला जातो. तरंग कापला गेला की तो फरकच विश्वसनीय राहत नाही. आपण बोलीचे वैशिष्ट्य म्हणून जे मांडू, ते वस्तुतः प्रोग्रामाचे वैशिष्ट्य ठरेल.

आता बिघडलेल्या फाइलींविषयी. अंक उलटून दरीत गेले असतील, तर शेजारच्या दोन अंकांतील अवाजवी उडी ओळखून ६५,५३६ मिळविता किंवा वजा करता येतात आणि मूळ तरंग बहुतेक परत मिळतो. आमच्या ओव्या अशाच परत मिळाल्या. मात्र एका मुद्रणात यंत्राची पातळीच चढी राहिल्याने शिखरे मुद्रणाच्या क्षणीच सपाट झाली होती. सपाट शिखराचा गुणाकार करून ते खाली आणता येते, गोल करता येत नाही. जे माप घेतलेच गेले नाही, ते कोणत्याही सूत्राने निश्चितपणे परत येत नाही. त्या बाई आता हयात नाहीत. त्यांच्या तेवढ्या ओव्यांचे शब्द आमच्या वहीत आहेत. उच्चाराच्या बाबतीत मात्र आम्ही पुन्हा लेखणीच्याच काळात जाऊन पोहोचलो आहोत.

म्हणून क्षेत्रकार्यास निघणाऱ्या विद्यार्थ्यांनी मुद्रणाची पातळी शिखरापासून पुरेशी खाली ठेवावी, मूळ फाइलीस हात न लावता तिच्या प्रतीवरच काम करावे, आणि प्रत्येक फाइल लिहिण्यापूर्वी तिचे सर्वोच्च शिखर तपासण्याची ओळ प्रोग्रामात घालावी. ती ओळ लिहावयास एक मिनिट पुरते.