नकाशा, उपग्रह आणि पायवाट



दूरच्या पायी प्रवासास निघणाऱ्याने कागदी नकाशा बरोबर घ्यावा, की खिशातील मोबाईलच्या जी.पी.एस.वर विसंबावे, असा प्रश्न हल्ली वारंवार कानी येतो. उत्तर देण्यापूर्वी ही दोन साधने नेमके काय सांगतात ते पाहिले पाहिजे. कारण ती एकाच प्रश्नाची उत्तरे देत नाहीत.

तुम्ही या क्षणी कोठे आहात, एवढेच जी.पी.एस. सांगते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपली वेळ व आपले स्थान अखंड कळवीत असतात. हे संदेश पोचण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर निघते आणि निदान चार उपग्रहांच्या अंतरांवरून आपले स्थान ठरते. वेळेत सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरांची चूक होते. यावरून या गणिताची सूक्ष्मता ध्यानात यावी. उघड्या आकाशाखाली साधा मोबाईलही सुमारे ५ मीटरांपर्यंत अचूक असतो. खोल दरीत वा गर्द झाडीत मात्र ही अचूकता उणावते.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. स्थान कळण्यास मोबाईलचे जाळे लागत नाही. ते लागते पडद्यावर नकाशाचे चित्र आणण्यास. ते चित्र आधी उतरवून घेतले नसेल, तर रानात कोऱ्या पडद्यावर एक निळा ठिपका तेवढा उरतो.

उलट, कागदी नकाशा तुम्ही कोठे आहात हे सांगत नाही; भूमी कशी आहे हे सांगतो. १७६७ साली स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे १ : ५०,००० प्रमाणाचे नकाशे आहेत. त्यांत २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. त्यांवरील तपकिरी समोच्च रेषा बहुधा २० मीटरांच्या अंतराने काढलेल्या असतात. रेषा दाट तेथे चढ खडा, विरळ तेथे सौम्य.

या दोहोंची कसोटी मला नर्मदेच्या तीरी पाहावयास मिळाली. नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर. परिक्रमावासी तिला उजव्या हाताशी ठेवून चालतात. त्यांना शतकानुशतके नकाशाची गरज भासली नाही. परंतु सरदार सरोवर २०१९ साली प्रथम काठोकाठ भरले आणि बडवानीजवळच्या राजघाटासह कित्येक जुन्या वाटा व गावे पाण्याखाली गेली.

दिवाळीच्या सुटीत मी व माझे एक ज्येष्ठ सहकारी त्या भागात दक्षिण तीराने चालत होतो. दुपार कलली असता मोबाईलवरील वाट सरळ पाण्यात शिरली. गुरुजींनी पिशवीतून जुना नकाशा काढला, तर त्यातही तीच वाट आणि पुढे एक गाव! दोन्ही साधने एकच चूक करीत होती.

"वाटा विसरा, रेषा पाहा," गुरुजी म्हणाले. धरणाची पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटर, म्हणजे १४० मीटरांची समोच्च रेषा हाच जवळजवळ नवा काठ. महापुरात वरच्या अंगास पाणी याहूनही चढते, परंतु ते दिवस पुराचे नव्हते. त्यांनी पेन्सिलीने ती रेषा गिरविली. दोन नाल्यांच्या खोऱ्यांत ती खूप आतवर वळली होती. एक कोस वाटणारी चाल चार कोसांची निघाली. अंधारात चिखलाच्या काठाने ती करणे धोक्याचे होते. आम्ही वरच्या वस्तीत मुक्काम केला.

पहाटे दाट धुके पडले. पेन्सिलीच्या रेषेवर आपण कोठे आहोत हे तेव्हा नकाशाला सांगता येईना. ते मोबाईलने सांगितले. जुन्या नकाशांचे अक्षांश-रेखांश निराळ्या मोजणीपद्धतीवर आधारलेले असतात, त्यामुळे जी.पी.एस.चे आकडे त्यांवर जसेच्या तसे मांडल्यास स्थान शंभर मीटरांहूनही अधिक सरकू शकते. म्हणून आम्ही टेकडी व नाला यांच्याशी ताळा घेत चाललो.

तेव्हा माझे सांगणे एवढेच. निघण्यापूर्वी कागदावर वाटेचा अभ्यास करावा. मोबाईलमध्ये नकाशा उतरवून घ्यावा. विजेचा साठा राखण्यासाठी तो बंद ठेवून तासातासाने स्थान पाहावे. आणि होकायंत्र जवळ असावे. दोघांची साक्ष जुळत नसेल तेथे थांबावे व गावकऱ्यास विचारावे.

तो जुना नकाशा गुरुजींनी अद्याप जपून ठेवला आहे. पाण्याखाली गेलेल्या गावांची नावे त्यावर जेथल्या तेथे आहेत. वाट दाखविण्यास तो आता अपुरा आहे. परंतु तेथे कोण राहत होते, हे विसरू न देण्यास पुरेसा आहे.