एक बरोबर की दोन?

मंडळी, आज एका छोट्या चिन्हाबद्दल बोलू. बरोबरचं चिन्ह. शाळेत आपण 'क्ष = ५' लिहितो तेव्हा ते विधान असतं. प्रोग्रॅममध्ये मात्र दोन वेगळ्या गोष्टी सांगायच्या असतात. एक आज्ञा: क्षमध्ये ५ ठेव. दुसरा प्रश्न: क्ष ५ आहे का? मग हे चिन्ह द्यायचं कुणाला?

१९५७च्या फोरट्रानने ते आज्ञेला दिलं. अल्गोलने उलटं केलं. 'क्ष = क्ष + १' हे गणितात खोटंच ठरतं ना? म्हणून तिथे आज्ञेसाठी ':=' आलं आणि '=' तुलनेसाठी राहिलं. पास्कलनेही तेच उचललं.

पुढे बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांनी 'बी' भाषा रचली. त्यांचा हिशेब साधा होता: किंमत ठेवण्याचं काम तुलनेपेक्षा जास्त वेळा येतं, म्हणून त्याला आखूड चिन्ह. आज्ञा '=' आणि तुलना '=='. 'बी'कडून हे 'सी'कडे आलं, आणि तिथून जावा, जावास्क्रिप्टपर्यंत पोचलं.

आता गंमत बघा. 'सी'मध्ये आज्ञेलाही स्वतःची किंमत असते. त्यामुळे 'जर (क्ष = ५)' अशा अर्थाची ओळ चालून जाते! क्ष ५ होतो आणि अट नेहमीच खरी ठरते. आजचे कंपायलर फार तर इशारा देतात.

२००३मध्ये लिनक्स कर्नलच्या एका प्रतीत कुणीतरी दोन ओळी घुसवल्या. वरवर वाटे, वापरकर्त्याचा क्रमांक ० आहे का, एवढंच तपासलंय. शून्य क्रमांक म्हणजे रूट, सगळे अधिकार असलेला. पण तिथे बरोबरचं चिन्ह एकच होतं. म्हणजे ठरावीक तऱ्हेने विनंती करणाऱ्याला शून्य क्रमांक बहालच होत होता! मूळ प्रतीशी मेळ बसेना, म्हणून ते पकडलं गेलं.

पायथॉनने अटीत '=' लिहायला मुळातच बंदी केली. २०१९मध्ये अटीच्या आत किंमत ठेवायची सोय दिली, पण वेगळ्या चिन्हाने: ':='. हे चिन्ह चुकून टाइप होणं अवघड.

तेव्हा चिन्ह निवडताना किती कळा दाबाव्या लागतील, एवढंच मोजू नका. एक कळ कमी दाबली गेली तर काय होईल, हेही विचारा. भाषा अडवणार असेल, तर हरकत नाही. पण चुकलेली ओळही वैध ठरून भलताच अर्थ देत असेल, तर वाचवलेली ती एक कळ फार महाग पडते.