दूर किती, ते तासांत मोजा

एकट्याने स्कूबा डायव्हिंगला निघणाऱ्या माणसाच्या बेटाबद्दल दोन अपेक्षा असतात. ते शांत हवं आणि लांब हवं. या दोन्ही इतक्या जोडीने येतात की त्या वेगवेगळ्या आहेत हे सहसा लक्षात येत नाही. गर्दी नको म्हणून आपण आपसूक नकाशावर आणखी लांबचा ठिपका शोधू लागतो. माझ्या मते बेट निवडताना पहिलं काम या दोन गोष्टींची फारकत करण्याचं आहे. शांतता मनसोक्त घ्यावी. अंतर मात्र मोजून घ्यावं, आणि तेही तासांत: पाण्यातून वर आलेल्या माणसाला त्रास सुरू झाला, तर योग्य उपचार मिळेपर्यंत किती तास जातील? बरोबर नवरा, बायको किंवा जुना मित्र असेल तर या हिशेबात थोडी ढिलाई चालते. एकट्याला ती परवडत नाही, कारण त्याच्या बोलण्याचालण्यातला फरक ओळखणारं आणि त्याच्यासाठी धावाधाव करणारं आपलं असं तिथे कोणी नसतं.

तासांचा एवढा आग्रह का, हे समजायला पाण्याखालच्या दाबाची गोष्ट पाहावी लागते. दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. ३० मीटरवर डायव्हर पृष्ठभागाच्या चौपट दाबाची हवा श्वासात घेत असतो आणि त्या हवेतला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत, चरबीत विरघळत जातो. मिनिटाला ९ मीटरहून अधिक वेग न घेता वर आलं, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबलं, की त्यातला बराचसा फुप्फुसांवाटे सुखरूप निघून जातो. वर येताना घाई झाली, किंवा खोलवर फार वेळ राहणं झालं, तर त्याचे शरीरातच बुडबुडे होतात. सांधे दुखतात, मुंग्या येतात, क्वचित पाय लुळे पडतात. याला डायव्हर ‘बेंड्स’ म्हणतात, आणि सगळे नियम पाळूनही कधी कधी ते होतात. लक्षणं बहुधा वर आल्यावर पहिल्या काही तासांत दिसतात, पण ती फसवी असतात. संध्याकाळी खांदा दुखतो, अंग जड वाटतं. माणूस म्हणतो, सिलिंडर उचलले म्हणून असेल, झोपलो की बरं वाटेल. घरचं माणूस खोलीत असेल तर ते हटकतं. एकट्याची रात्र मात्र तशीच निघून जाते आणि उपचारांचे मोलाचे तास त्या झोपेत खर्ची पडतात.

उपचार दोन टप्प्यांचे. लगेच शुद्ध ऑक्सिजन द्यायचा आणि मग रुग्णाला दाबाच्या बंद दालनात, म्हणजे रीकॉम्प्रेशन चेंबरमध्ये न्यायचं. तिथे त्याला पुन्हा १८ मीटर खोलीइतक्या दाबाखाली ठेवून ऑक्सिजन देतात आणि हळूहळू दाब उतरवतात. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत या एका बैठकीला पावणेपाच तास लागतात. असं दालन लहान बेटावर सहसा नसतं. ‘विमानाने दीड तासात शहर गाठता येतं’ हे समाधान इथे खोटं ठरतं, कारण विमान उंचावर गेलं की केबिनमधला दाब उतरतो, कधी कधी २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा इतका, आणि बुडबुडे आणखी फुगतात. म्हणून तर धडधाकट डायव्हरनेसुद्धा एका डायव्हनंतर निदान १२ तास आणि ओळीने अनेक डायव्ह केल्या असतील तर निदान १८ तास विमानात बसू नये असा दंडक आहे. ज्या बेटाहून सुटकेची एकमेव जलद वाट आकाशातून जाते, ते बेट वेळापत्रकावर दिसतं त्याहून लांब असतं.

तासांचा हिशेब बोटीवरसुद्धा करता येतो. ‘ऑक्सिजन आहे का?’ असं विचारलं की बहुतेक ठिकाणी ‘आहे’ असंच उत्तर मिळेल. पुढचा प्रश्न विचारायचा: किती लिटर? मास्कने भरपूर ऑक्सिजन द्यायचा तर मिनिटाला १५ लिटर लागतो. ६०० लिटरचं सिलिंडर त्या वेगाने ४० मिनिटांत रिकामं होतं. डायव्हच्या जागेपासून इस्पितळाच्या दारापर्यंत तीन तास लागणार असतील, तर २,७०० लिटर हवेत, म्हणजे तशी पाच सिलिंडर. पेटी उघडून पाहावी. काटा कुठे आहे, व्हॉल्व्ह उघडायची किल्ली सिलिंडरलाच बांधलेली आहे की कुठल्या तरी डब्यात आहे, मास्क पाकिटात आहे की उन्हाने कडक झाला आहे, हे एका मिनिटात कळतं. चांगलं केंद्र ही पेटी आनंदाने उघडून दाखवतं. टाळाटाळ झाली तर तिथली प्रवाळं कितीही देखणी असोत, पैसे परत घ्यावेत.

हा गज लावून आपल्याकडची बेटं पाहू. अंदमानात डायव्हिंगचं मुख्य गाव म्हणजे हॅवलॉक, ज्याला २०१८ पासून स्वराज द्वीप म्हणतात, आणि त्याच्या शेजारचं नील, म्हणजे शहीद द्वीप. नीलहून पोर्ट ब्लेअर, आताचं श्री विजयपुरम, फेरीने दीड-दोन तासांवर आहे, आणि तिथे नौदलाच्या धन्वंतरी रुग्णालयात असं दालन आहे. ते सध्या चालू आहे का आणि पर्यटकाला तिथे कसं नेतात, हे केंद्राला पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं. शिवाय दीड-दोन तास हा दिवसाचा आकडा झाला. अंधार पडल्यावर फेरी सुटत नाही. म्हणून हिशेब संध्याकाळी सहाचा धरावा आणि रात्री रुग्ण हलवायची केंद्राची काय सोय आहे तेही विचारावं. एवढं केल्यावर मला नील हे एकट्यासाठी फार समंजस उत्तर वाटतं. निर्वासित बंगाली कुटुंबांनी वसवलेलं, भाजीपाल्याच्या शेतांचं हे बेट. भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर अशी रामायणातल्या नावांची गावं आणि किनारे. दुपारी भरतपूरला काचतळाच्या बोटींची गर्दी होते हे खरं, पण ती त्या किनाऱ्यापुरती. बाकी बेट सायकलवर फिरून होतं आणि जेवणानंतर रस्ता रिकामा असतो.

लक्षद्वीपचा मोह याहून मोठा आहे आणि तो मला समजतो. ३६ बेटांपैकी १० वस्तीची, परवान्याशिवाय प्रवेश नाही, त्यामुळे गर्दी आपोआप रोखलेली. कडमतसारखं लांबट, चिंचोळं बेट, पश्चिमेला उथळ निळं खारकच्छ आणि प्रवाळभिंतीबाहेर एकदम खोल पाणी; शांततेच्या कसोटीवर नीलला ते सहज मागे टाकतं. पण कडमत कोचीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर आहे, जहाजाचा प्रवास रात्रभराचा, विमानतळ अगत्तीला, आणि गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने हलवून कोचीला न्यावं लागतं. हवा बिघडली की तेही थांबतं. म्हणून लक्षद्वीप टाळावं असं मी म्हणणार नाही. तिथे एकट्याने जाणाऱ्याने स्वतःला आवर घालावा: १८ मीटरच्या वर राहावं, दिवसाला दोनच डायव्ह कराव्यात, मधे एक दिवस कोरडा ठेवावा. हेच बेट दुसऱ्या-तिसऱ्या सफरीसाठी राखून ठेवलं तर अधिक चांगलं. पहिल्या सरावाला कोकणातली मंडळी तारकर्लीला जाऊ शकतात; राज्य पर्यटन महामंडळाची डायव्हिंग प्रशिक्षण संस्था तिथेच आहे. पाणी अंदमानाइतकं नितळ नसतं, पण गढूळ पाण्यात काटा वाचायची लागलेली सवय पुढे जन्मभर पुरते.

काट्याचा मुद्दा मी मुद्दाम काढला. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या संशोधकांनी हौशी डायव्हरांच्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. अनर्थाची सुरुवात कशाने झाली हे ज्या घटनांत शोधता आलं, त्यांतल्या ४१ टक्क्यांत ती सिलिंडरमधली हवा संपत आल्याने झाली होती. शार्क, वादळं, अनोळखी प्रवाह या भीतीच्या यादीत वर असणाऱ्या गोष्टींपेक्षा हे साधं कारण कितीतरी पुढे. हवा संपताना उपयोगी पडतो तो हाताच्या अंतरावरचा साथीदार आणि त्याच्या सिलिंडरला लावलेला दुसरा रेग्युलेटर. एकट्या प्रवाशाला हा साथीदार सकाळी बोटीवर नेमून दिला जातो. वर्दळीच्या केंद्रात तो रोज बदलतो: आज मुंबईचा नवशिक्या, उद्या कॅमेऱ्यात गुंतलेला कोणी. लहान, निवांत केंद्रात एकच गाइड चार दिवस बरोबर असतो. तिसऱ्या दिवशी त्याला माहीत असतं की हा माणूस हवा लवकर संपवतो, याचा डावा कान उशिरा मोकळा होतो. शांत बेटाचं खरं देणं मला हे वाटतं. तिथे अनोळखी माणसाला आपली ओळख व्हायला वेळ मिळतो, आणि ती ओळख पाण्याखाली कामाला येते. अंतर वाढवून हा लाभ वाढत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मदत जिथे जवळ, तिथे माणसंही भरपूर; मग शांतता उरणार कुठे? पण डायव्हिंगच्या गावातली गर्दी सगळीकडे सारखी पसरलेली नसते. हॅवलॉकला येणारे बहुसंख्य पर्यटक एकदाच, प्रशिक्षकाचा हात धरून, नेमो रीफसारख्या उथळ जागी उतरतात आणि दुसऱ्या दिवशी पुढे जातात. जॉनीज गॉर्ज किंवा डिक्सन्स पिनॅकल या खोल जागांना प्रशिक्षित डायव्हरच जातात आणि बोटीत मोजकी माणसं असतात. या जागांना नावं मिळाली ती तिथल्या कारेन डायव्हरांची. ब्रिटिशांनी १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून जंगलकामासाठी आणलेल्या कारेन समाजातले अनेक जण आज इथले सर्वांत जाणते गाइड आहेत. डिसेंबरच्या सुट्ट्या टाळून फेब्रुवारी-मार्चमध्ये, शनिवार-रविवार सोडून गेलं, की पाणीही अधिक नितळ असतं आणि बोटही रिकामी. गर्दी टाळायला तारीख बदलणं हे बेट बदलण्यापेक्षा सोपं आहे.

दुसरा आक्षेप अनुभवी मंडळींचा. एकट्याने डायव्ह करण्याचं रीतसर प्रशिक्षण मिळतं, मग साथीदाराचा एवढा बाऊ कशाला? प्रशिक्षण मिळतं हे खरं. एसडीआय आणि पाडी या दोन्ही संस्थांचे असे अभ्यासक्रम आहेत, आणि दोघींचीही अट निदान १०० डायव्हच्या अनुभवाची आहे. त्यात शिकवतात ते मुख्यतः हेच, की स्वतंत्र रेग्युलेटर लावलेलं दुसरं लहान सिलिंडर बरोबर ठेवा आणि हवेचा हिशेब आधी मांडा. हे शिक्षण मोलाचं आहे. साथीदार असतानाही उपयोगी पडणारं आहे. पण ते पाण्याखालचा प्रश्न सोडवतं, पाण्याबाहेरचा नाही. हाताला मुंग्या आलेल्या, गोंधळलेल्या माणसाने आपली लक्षणं आपणच ओळखावीत, बोट ठरवावी, विम्याच्या कंपनीला फोन करावा, ही अपेक्षा कोणतंही कार्ड पुरी करू शकत नाही. म्हणून गाइडला आणि मुक्कामाच्या मालकिणीला एक साधी विनंती करावी: संध्याकाळी सात वाजता मी जेवायला आलो नाही तर दार वाजवा. आणि विमा काढताना डायव्हिंग, किती मीटरपर्यंत, चेंबरचा खर्च धरून, हे शब्द कागदावर आहेत ना ते वाचावं; साध्या प्रवासविम्यात ते बऱ्याचदा नसतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. जवळची प्रवाळं मेलेली, लांबची जिवंत, म्हणून लांब जावं लागतं, असं बरेच डायव्हर म्हणतात. यात तथ्य आहे, पण अर्धंच. नांगर, जाळी, माणसांचे पाय यांपासून अंतर वाचवतं, आणि निर्मनुष्य बेटांभोवती मोठे मासे, शार्क अधिक दिसतात. तापलेल्या समुद्रापासून मात्र अंतर वाचवत नाही. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपची प्रवाळं पांढरी पडली. त्यांच्या दूर असण्याने काही अडलं नाही. २०१० मध्ये अंदमानातही तेच झालं. तेव्हा एखाद्या जागेची प्रवाळं कशी आहेत हे तिथल्या गाइडला विचारूनच कळेल, नकाशावरून कळणार नाही.

आणि तरीही ज्याला खरोखर दूरचं पाणी पाहायचं आहे, त्याने ते पाहावं. अंदमानच्या पूर्वेला, श्री विजयपुरमहून सुमारे १३५ किलोमीटरवर, बॅरन बेट आहे, देशातला एकमेव जागृत ज्वालामुखी. काळ्या लाव्हाचे उतार थेट पाण्यात उतरतात. आपल्या विजयदुर्गापासून शंभरएक किलोमीटर पश्चिमेला कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं आंग्रिया बँक आहे, जिथे जमीनच नाही. प्रवाळांचा माथा २० मीटर पाण्याखाली. अशा ठिकाणी मोठ्या बोटीवर राहून, मोहीम म्हणूनच जावं लागतं. तिथे एकट्याने नाव नोंदवण्याआधी नील किंवा कडमतला ज्यांच्याबरोबर आठ-दहा डायव्ह झाल्या आहेत अशा दोघा-तिघांना विचारून पाहावं.