‘इकोटोपिया’ : वॉलकॉट यांच्यानंतरचे ‘ओरेगन’

ग्रॅमी पुरस्कारांत ‘न्यू एज’ हा संगीतप्रकार १९८७ साली प्रथमच समाविष्ट झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील ‘ओरेगन’ या चौघा वादकांच्या समूहाचा ‘इकोटोपिया’ हा अल्बम जर्मनीच्या ईसीएम कंपनीने प्रसिद्ध केला. ‘न्यू एज जॅझ’ हे लेबल ‘ओरेगन’लाही चिकटले. मंद वाजत राहणारे, मन निववणारे संगीत असा त्या शब्दाचा रूढ अर्थ. ‘ओरेगन’चे वादन मात्र कान देऊनच ऐकावे लागते.

राल्फ टाउनर (गिटार व पियानो), पॉल मॅककँडलेस (ओबो), ग्लेन मूर (डबल बेस) आणि कॉलिन वॉलकॉट यांनी १९७० मध्ये हा समूह स्थापन केला. वॉलकॉट हे पंडित रविशंकर यांच्याकडे सतार आणि उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे तबला शिकलेले होते. ओबोच्या सुरावटीला तबल्याची साथ, हे ‘ओरेगन’चे वैशिष्ट्य त्यांच्यामुळेच निर्माण झाले. ८ नोव्हेंबर १९८४ रोजी पूर्व जर्मनीत मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांचा सहभाग असलेला ‘क्रॉसिंग’ हा अखेरचा अल्बम १९८५ मध्ये, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाला.

पुढे काय, हा प्रश्न साधा नव्हता. उत्स्फूर्त वादनात प्रत्येक जण इतरांच्या सवयी ओळखून वाजवतो. दुसरा तालवादक आणला की उरलेल्या तिघांचे वादनही बदलते. समूहाने निवड केली ती मुंबईत जन्मलेल्या त्रिलोक गुर्टू यांची. ठुमरी गायिका शोभा गुर्टू यांचे ते पुत्र.

येथे एक गमतीशीर उलटापालट दिसते. अमेरिकी वॉलकॉट यांनी सतार-तबला समूहात आणला. मुंबईकर गुर्टू यांनी तबल्याला पाश्चात्त्य ड्रम्सची जोड दिली. स्टुलावर न बसता, जमिनीलगत गुडघ्यांवर बसून ते ड्रम्स वाजवतात आणि झांजा पाण्याच्या बादलीत बुडवून त्यांचा नाद वळवतात. ‘इकोटोपिया’त टाउनर यांचा सिंथेसायझरही आहे. त्यामुळे पूर्वीचा लाकडी, घरगुती नाद काहीसा मागे पडतो. जुन्या चाहत्यांना हे रुचणे कठीण. पण वॉलकॉट यांची नक्कल करण्याचा मोह टाळला गेला, हीच या अल्बमची जमेची बाजू होय.

‘फॉर्टी-फिफ्थ पॅरलल’ (१९८९) आणि ‘ऑलवेज, नेव्हर अँड फॉरएव्हर’ (१९९१) या अल्बममध्येही गुर्टू होते. दरम्यान १९८८ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘उसफ्रेट’ या स्वतंत्र अल्बमसाठी टाउनर यांनी साथ केली आणि शोभा गुर्टू यांनी गायन.